नाव, वस्तू आणि पर्याय : उंची हातपिशव्या व सुगंधी द्रव्ये यांच्या स्वस्त पर्यायांचा इतिहास

प्रस्तावना

चैनीच्या वस्तूंचा इतिहास बहुधा त्या बनविणाऱ्या पेढ्यांच्या आणि त्या वापरणाऱ्या धनिकांच्या अंगाने सांगितला जातो. ज्यांना ती वस्तू परवडत नाही, परंतु तिच्यातील गुण मात्र हवे असतात, अशा लोकांनी कोणते मार्ग शोधले आणि ते मार्ग त्यांना कोणी उपलब्ध करून दिले, हा प्रश्न मागे राहतो. हातपिशवी आणि सुगंधी द्रव्य या दोन वस्तू या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीच्या आहेत. दोन्ही नित्य वापराच्या आहेत, दोन्ही अंगावर वा अंगाजवळ बाळगल्या जातात आणि दोहोंच्या बाबतीत अगदी स्वल्प व अतिप्रचंड अशा दोन्ही किमती बाजारात एकाच वेळी नांदतात. १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमधील लिलावात अभिनेत्री जेन बर्किन यांच्यासाठी बनविलेली मूळ ‘बर्किन’ पिशवी सुमारे ८६ लाख युरोंना विकली गेली. त्याआधी जेमतेम सहा महिने, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, अमेरिकेतील वॉलमार्टच्या संकेतस्थळावर तशाच घाटाची पिशवी शंभर डॉलरच्या आत मिळत होती आणि लोकांनी गमतीने तिचे नाव ‘वर्किन’ ठेवले होते.

थॉर्स्टीन वेब्लेन यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. वस्तू उपयोगी असते म्हणून घेतली जाते, त्याचप्रमाणे ती महाग आहे हे इतरांना दिसावे म्हणूनही घेतली जाते, असा तिचा आशय. या सिद्धान्ताच्या आधारे पाहिले तर स्वस्त पर्याय घेणारा ग्राहक केवळ श्रीमंतीचे सोंग आणणारा ठरतो. प्रत्यक्ष इतिहास इतका सरळ नाही. प्रस्तुत लेखात गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील घडामोडींच्या आधारे तीन गोष्टींचा विचार केला आहे : स्वस्त पर्याय कोठून निर्माण झाले, पर्याय आणि नक्कल यांच्यातील सीमारेषा कोणी व कशी आखली, आणि या साऱ्या व्यवहारात वस्तू घडविणाऱ्या हातांच्या वाट्याला काय आले.

१. प्रयोगशाळेतील फूल

महाग सुगंधाला स्वस्त पर्याय शोधण्याची कल्पना आधुनिक युरोपची नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात ‘गंधयुक्ती’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मंजिष्ठा, व्याघ्रनख, कुष्ठ इत्यादी द्रव्यांचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापविले असता चाफ्याच्या वासाचे तेल तयार होते, अशी कृती दिली आहे. या घटकद्रव्यांत चाफ्याचे फूल नाही. म्हणजे फुलावाचून फुलाचा वास निर्माण करणे ही विद्या दीड हजार वर्षांपूर्वी शास्त्र म्हणून ज्ञात होती आणि तीत फसवणूक आहे असे कोणी मानले नव्हते. मोगल काळात गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईने लावल्याची नोंद जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. दरबारातील हे अत्तर सामान्यांपर्यंत पोहोचले ते परिमाण लहान करूनच. तोळ्याने न परवडणारे अत्तर लहानशा कुपीतून किंवा कानात ठेवण्याच्या फायापुरते घेता येत असे.

एकोणिसाव्या शतकात या विद्येला रसायनशास्त्राची जोड मिळाली. कृत्रिम जांभळ्या रंगाचा शोध लावणाऱ्या विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली कूमारिन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. टोंका नावाच्या उष्ण कटिबंधातील बियांमध्ये असणारा, वाळलेल्या गवतासारखा गोडसर वास त्यातून मिळू लागला. १८७४ साली जर्मनीत फेर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी सूचिपर्णी वृक्षांच्या रसातील द्रव्यापासून व्हॅनिलिन बनविले आणि होल्झमिंडेन येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. १८८८ साली आल्बर्ट बाउर हे स्फोटक द्रव्यांवर संशोधन करीत असता त्यांना कस्तुरीसारखा वास असलेले संयुग गवसले. १८९३ साली टीमान आणि पॉल क्र्यूगर यांनी आयोनोन हे द्रव्य शोधले. त्यामुळे व्हायोलेटच्या फुलांचा, तोवर अत्यंत महाग असलेला वास कोणाही मध्यमवर्गीय स्त्रीच्या आवाक्यात आला.

या शोधांचा अर्थ केवळ आर्थिक नव्हता. कस्तुरीसाठी नर कस्तुरीमृगाची हत्या होत असे; कृत्रिम कस्तुरीमुळे त्या वासाचा आणि त्या हत्येचा संबंध तुटण्याची शक्यता निर्माण झाली. तरीही शिकार पुरती थांबली नाही आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षण द्यावे लागले. दुसरी लक्षणीय बाब अशी की, स्वस्त म्हणून अवतरलेली ही द्रव्ये उंची सुगंधांनीच प्रथम आपलीशी केली. उबिगां या पॅरिसमधील पेढीने १८८२ साली काढलेल्या ‘फुजेर रोयाल’ या सुगंधात कूमारिन होते आणि गेरलें या पेढीच्या १८८९ च्या ‘जिकी’मध्ये कूमारिनबरोबर व्हॅनिलिनही होते. ‘फुजेर’ म्हणजे नेचे. नेच्याला स्वतःचा असा लक्षणीय सुवास नसतो. म्हणजे हा सुगंध कोणत्याही नैसर्गिक वासाची नक्कल करीत नव्हता. सुगंधकारांना येथे एक नवे क्षेत्र खुले झाले. पर्याय म्हणून आलेले द्रव्य स्वतंत्र निर्मितीचे साधन बनले, आणि त्याच क्षणी उंची सुगंध व स्वस्त सुगंध यांच्यातील द्रव्यगत अंतर कमी होऊ लागले. मग किमतीतील अंतर टिकवायचे कशाच्या बळावर, हा प्रश्न पेढ्यांपुढे उभा राहिला.

२. बाटलीवरील नाव

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मिळाले. पॅरिसमधील वस्त्ररचनाकार पॉल प्वारे यांनी १९११ साली सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय सुरू केला. वस्त्ररचनाकाराने स्वतःचे सुगंध बाजारात आणण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. परंतु त्यांनी त्या व्यवसायाला आपल्या मुलीचे, रोझीनचे, नाव दिले. दहा वर्षांनी, १९२१ साली, गाब्रिएल शानेल यांनी एर्नेस्ट बो या सुगंधकाराकडून तयार करून घेतलेला सुगंध विक्रीस आणला, तेव्हा त्यावर स्वतःचे नाव आणि एक आकडा एवढेच घातले. ‘शानेल नं. ५’ या सुगंधात ग्रास येथील जाईचा अर्क होता, त्याचप्रमाणे अल्डिहाइड वर्गातील कृत्रिम संयुगेही होती. शानेल यांच्या पेढीत शिवलेला पोशाख घेणे ज्या स्त्रीला आयुष्यात शक्य नव्हते, तिला त्याच नावाची लहान बाटली घेणे शक्य झाले. या अर्थाने पाहता नामांकित पेढीचे सुगंधी द्रव्य हाच मुळात महाग पोशाखाचा परवडणारा पर्याय होता आणि तो खुद्द त्या पेढीनेच निर्माण केला होता.

पर्याय उतरंडीप्रमाणे खाली खाली कसा जातो, हे याच पेढीच्या पुढील इतिहासात दिसते. १९२४ साली शानेलच्या सुगंधी द्रव्यांची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिचे भांडवलदार असलेल्या व्हेर्टहायमर बंधूंकडे बुर्ज्वा ही प्रसाधनांची पेढीही होती. १९२८ साली बुर्ज्वाने ‘स्वार द पारी’ हा सुगंध काढला. इंग्रजी भाषक देशांत तो ‘इव्हनिंग इन पॅरिस’ या नावाने गाजला. त्याचा कर्ताही एर्नेस्ट बो हाच होता. निळ्या काचेच्या लहान बाटलीतील हा सुगंध अमेरिकेत अगदी स्वस्त मालाच्या दुकानांतूनही विकला जाई. एकच सुगंधकार, एकच मालकवर्ग आणि दोन अगदी भिन्न किमती अशी ही स्थिती होती. दोन्ही सुगंध एकसारखे नव्हते, त्यांतील द्रव्यांचा दर्जाही सारखा नव्हता. तथापि दोघांमधील किमतीचे अंतर केवळ द्रव्यांनी स्पष्ट होत नाही. नावाचा वाटा त्यात मोठा होता.

अमेरिकेत या उतरंडीला वेगळे वळण मिळाले. डेव्हिड मॅककॉनेल हे दारोदार पुस्तके विकीत. ग्राहक स्त्रियांना पुस्तकापेक्षा सोबत भेट दिलेल्या सुगंधाच्या नमुन्याची गोडी अधिक आहे, हे लक्षात येताच त्यांनी १८८६ साली ‘कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी’ काढली. स्त्रियांनी शेजारपाजारच्या स्त्रियांना घरोघरी माल विकावा, ही तिची पद्धत होती. १९३९ साली या कंपनीने ‘एव्हॉन’ हे नाव धारण केले. भव्य दुकान, काचेची मांडणी, मोठ्या जाहिराती यांवरील खर्च टाळून किंमत कमी ठेवण्याचा हा मार्ग होता. पुढे १९५३ साली एस्टी लॉडर यांनी ‘यूथ ड्यू’ हे स्नानाच्या पाण्यात घालण्याचे सुगंधी तेल म्हणून बाजारात आणले. तोवर सुगंधाची बाटली ही स्त्रीला पुरुषाकडून मिळायची भेट मानली जात असे. स्नानाचे तेल मात्र ती स्वतःच स्वतःसाठी विकत घेऊ शकत होती. येथे परवडणाऱ्या किमतीचा संबंध स्त्रीच्या स्वनिर्णयाशी येतो, ही बाब समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्वतंत्र भारतातही अशा पर्यायाची गरज भासली. परदेशी प्रसाधनांवर मौल्यवान परकीय चलन खर्च होत असे. त्या पार्श्वभूमीवर १९५२ साली टाटा ऑईल मिल्स या कंपनीने मुंबईत ‘लॅक्मे’ ही उपकंपनी स्थापन केली. तिला रोबेर पिगे या फ्रेंच सुगंधी द्रव्यांच्या पेढीचे सहकार्य लाभले होते. ‘लॅक्मे’ हे ‘लक्ष्मी’ या नावाचे फ्रेंच रूप असून लिओ दलिब यांच्या १८८३ च्या संगीतिकेचेही तेच नाव आहे. देशी कारखान्यात, देशी स्त्रियांसाठी बनलेल्या मालाला आपल्याच देवतेचे नाव फ्रान्सला वळसा घालून घ्यावे लागले. पर्याय स्वस्त होता, स्वदेशी होता. तरी प्रतिष्ठेची भाषा पॅरिसचीच राहिली.

३. हातपिशवी : कापड, कातडे आणि चिन्ह

स्त्रीच्या हातातील पिशवी ही फार जुनी वस्तू नाही. अठराव्या शतकात युरोपीय स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला खिसे बांधीत. १७९० च्या दशकात उंच कमरेच्या, तलम आणि अंगासरशी पोशाखाची चाल आली. बंगालच्या मलमलीसारख्या वस्त्रांच्या त्या पोशाखात खिसा लपविणे अशक्य झाले आणि ‘रेटिक्यूल’ नावाची छोटी पिशवी हातात आली. ही पिशवी कापडाची असे आणि पुष्कळ स्त्रिया ती घरीच शिवीत. म्हणजे आधुनिक हातपिशवीचा आरंभ घरगुती शिवणकामाजवळ आहे. महागडे कातडे आणि पेढीचे नाव या नंतरच्या गोष्टी होत.

लुई व्हितों यांनी १८५४ साली पॅरिसमध्ये प्रवासी पेट्यांची पेढी सुरू केली. त्यांची कीर्ती झाली ती सपाट झाकणाच्या, जलरोधक कापड लावलेल्या हलक्या पेट्यांमुळे. जड कातड्याऐवजी कापड वापरणे हा त्या काळातील व्यवहार्य पर्यायच होता. पेट्या लोकप्रिय होताच त्यांच्या नकला निघू लागल्या. नक्कल ओळखू यावी म्हणून १८७२ साली पट्ट्यापट्ट्यांचे कापड आले. त्याचीही नक्कल झाली. १८८८ साली बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींचे कापड आले आणि त्यावर नोंदणीकृत चिन्ह असल्याचा मजकूर छापला गेला. लुई यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी १८९६ साली आद्याक्षरे आणि फुलांच्या आकृत्या असलेले कापड तयार केले. नक्कल रोखण्यासाठी जन्मलेली हीच नक्षी पुढे जगात सर्वाधिक नक्कल होणाऱ्या नक्षींपैकी एक ठरली, ही इतिहासाची विसंगती मार्मिक आहे. तिचे कारणही उघड आहे. कारागिरीची नक्कल करण्यासाठी कारागीर लागतो; छापलेल्या चिन्हाची नक्कल करण्यास छपाईयंत्र पुरते. मूल्य टाक्यांतून निघून चिन्हात गेले, तेव्हा चोरीचा मार्गही सोपा झाला. शिवाय १९५९ पासून या पिशव्यांसाठी प्लास्टिकचा लेप दिलेले लवचीक सुती कापड वापरात आले. मूळ आणि नक्कल या दोहोंचे बाह्यांग अशा रीतीने एकाच जातीच्या द्रव्याचे झाले.

दुसऱ्या टोकाला एर्मेस ही पेढी आहे. १८३७ साली घोड्यांच्या साजापासून आरंभ झालेल्या या पेढीने हाती शिवलेल्या कातड्याची परंपरा टिकविली. तथापि तिच्या पिशवीची कीर्तीही अखेर नावाशीच निगडित झाली. १९३० च्या दशकातील तिची एक पिशवी मोनॅकोच्या राजकुमारी ग्रेस केली यांच्या हातात १९५६ साली छायाचित्रांतून दिसली आणि पुढे १९७७ साली तिला ‘केली’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. १९८४ ची ‘बर्किन’ ही त्याच परंपरेतील. मिलानच्या प्रादा पेढीने तर १९८४ साली लष्करी सामानासाठी वापरल्या जाणाऱ्या धाटणीच्या नायलॉनची पाठपिशवी काढून, साध्या द्रव्यालाही नावाच्या बळावर उंची किंमत मिळवून दिली.

याच काळात प्रामाणिक पर्यायांचीही परंपरा दिसते. लाँशां या फ्रेंच पेढीने १९९३ साली घडी घालून ठेवता येणारी नायलॉनची पिशवी काढली. तिने कोणाचे चिन्ह उसने घेतले नाही. न्यूयॉर्कमधील टेलफार क्लेमन्स या रचनाकाराची २०१४ साली आलेली कृत्रिम कातड्याची पिशवी हे आणखी बोलके उदाहरण होय. ‘तुमच्यासाठी नव्हे, सर्वांसाठी’ असे त्यांच्या पेढीचे घोषवाक्य आहे. मागणी वाढली, तेव्हा पुरवठा मुद्दाम तुटका ठेवून भाव चढविण्याऐवजी त्यांनी २०२० साली ठरावीक दिवशी मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येकाला पिशवी बनवून देण्याची योजना केली. दुर्मिळता हेच ज्या बाजारातील मुख्य भांडवल आहे, तेथे दुर्मिळता नाकारणे हे धोरण म्हणून लक्षणीय ठरते.

४. पर्याय की नक्कल : न्यायालयांची उत्तरे

स्वस्त पर्याय बनविणाऱ्याने महाग वस्तूचे नाव कोठवर घ्यावे, हा प्रश्न अखेर न्यायालयांपुढे आला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील ता’रॉन या व्यवसायाने ‘सेकंड चान्स’ नावाचा सुगंध विक्रीस काढला. सात डॉलरचा हा सुगंध आणि पंचवीस डॉलरचा ‘शानेल नं. ५’ यांतील फरक ओळखून दाखवा, असे आव्हान त्याच्या जाहिरातीत दिले होते. १९६८ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, एकस्व नसलेल्या वस्तूची नक्कल करण्याची मुभा सर्वांना आहे आणि आपण कशाची नक्कल केली हे सांगण्यासाठी मूळ वस्तूचे नाव घेण्यासही, ग्राहकाचा गैरसमज होत नसेल तर, हरकत नाही. मात्र खटला खालच्या न्यायालयात परत गेल्यावर दोन्ही सुगंधांचे रासायनिक घटक तंतोतंत सारखे नसल्याचे आढळले आणि समानतेचा दावा खोटा ठरला. म्हणजे नक्कल करण्याचा हक्क मान्य झाला, पण असत्य बोलण्याचा नाही.

युरोपात उत्तर वेगळे मिळाले. १८ जून २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने लॉरेआल विरुद्ध बेल्युर या खटल्यात असे मत दिले की, आपला सुगंध अमुक नामांकित सुगंधासारखा आहे असे दर्शविणारी तुलनात्मक यादी ही त्या नावाच्या कीर्तीचा अनुचित लाभ घेणारी आहे. ग्राहकाचा गैरसमज झाला नसला तरीही ती बेकायदा ठरते. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या २९ व्या कलमातही, प्रामाणिक व्यवहाराच्या विरोधात जाऊन दुसऱ्याच्या चिन्हाचा अनुचित लाभ घेणारी जाहिरात म्हणजे चिन्हाचे उल्लंघन, अशी तरतूद आहे.

मग खुद्द वास कोणाच्या मालकीचा? २००६ च्या जून महिन्यात दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी तीन दिवसांच्या अंतराने परस्परविरोधी उत्तरे दिली. १३ जून रोजी फ्रान्सच्या न्यायालयाने सुगंधाला प्रतिमुद्राधिकार नाकारला. सुगंध तयार करणे हे कसबाचे काम आहे, अशी त्यामागील भूमिका होती. १६ जून रोजी नेदरलँड्सच्या न्यायालयाने लँकोमच्या ‘ट्रेझोर’ या सुगंधाच्या प्रकरणात सुगंधालाही प्रतिमुद्राधिकार मिळू शकतो, असे म्हटले. सुगंधाची जन्मभूमी मानल्या जाणाऱ्या फ्रान्सनेच त्याला कलाकृती मानण्यास नकार द्यावा, हे विशेष होय. या निर्णयांचा एकत्रित अर्थ लावला तर असे दिसते की, वास, आकार, द्रव्य आणि कसब यांना कायद्याचे संरक्षण दुबळे व अनिश्चित आहे. नाव आणि चिन्ह यांना मात्र ते बळकट आहे.

बनावट माल आणि स्वस्त पर्याय यांतील नैतिक भेदही येथेच सापडतो. बनावट पिशवीवर दुसऱ्याचे नाव असते. ती ग्राहकाला तरी फसविते किंवा ग्राहकाच्या हातून इतरांना फसविते. पर्याय आपले नाव उघड सांगतो. दोघांचे कापड एका गठ्ठ्यातले असू शकेल, पण दोघांचे बोलणे एक नसते.

५. किंमत आणि श्रम

नावाला मिळणारे हे संरक्षण वस्तू घडविणाऱ्या हातांपर्यंत पोहोचते का, हा या इतिहासातील सर्वांत कळीचा प्रश्न होय. महाग वस्तू घेणे म्हणजे कारागिराला न्याय्य मोबदला देणे, असा समज प्रचलित आहे. २०२४ साली मिलानच्या न्यायालयाने अरमानी आणि डिओर या पेढ्यांच्या इटलीतील एकेका उपकंपनीला न्यायालयीन देखरेखीखाली ठेवले. पोटकंत्राटावर काम करणाऱ्या कारखान्यांत कामगारांची पिळवणूक होत असताना तिला आळा घालण्यात कसूर झाली, असे त्यामागील कारण होते. डिओरच्या सुमारे २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या जुळणीसाठी, कच्च्या मालाचा खर्च वगळता, पोटकंत्राटदाराला ५३ युरो दिले जात असल्याचे तपासाच्या कागदपत्रांतून प्रसिद्ध झाले. डिओरच्या उपकंपनीवरील ही देखरेख २०२५ साली उठविण्यात आली. परंतु किंमत आणि मजुरी यांतील अंतराचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध येतो तो याच ठिकाणी. मुंबईतील धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तमिळ प्रदेशातून आलेल्या मुस्लिम व्यावसायिकांनी कातडी कमावण्याचे उद्योग सुरू केले. पुढे कातडी कमावण्याचे काम तेथून बव्हंशी बाहेर गेले, परंतु पिशव्या, पाकिटे, पट्टे बनविणाऱ्या लहान कारखान्यांची वस्ती टिकून राहिली. बिननावाची, चांगल्या कातड्याची आणि माफक किमतीची पिशवी हवी असणारा मुंबईकर धारावीच्या दुकानांची वाट धरतो. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्या बंदीचा विस्तार बैलांपर्यंत झाल्यानंतर या व्यवसायातील अनेकांचा कच्चा माल तुटला. त्या परिस्थितीत कलावंत सुधीर राजभर यांनी धारावीतील कारागिरांना बरोबर घेऊन पुनर्वापरातील रबराच्या पिशव्या बनविण्याचा उपक्रम उभा केला आणि त्याला ‘चमार’ हेच नाव दिले. ज्या जातिवाचक शब्दाचा शिवीसारखा वापर झाला, तोच शब्द व्यापारचिन्ह म्हणून पिशवीवर आला. या पिशव्या सर्वांना परवडतील अशा नाहीत. पण नाव हे भांडवल असेल तर ते घडविणाऱ्याच्या वाट्याला का येऊ नये, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

नकलेची दिशा नेहमी वरून खालीच असते असेही नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्रादा पेढीने कोल्हापुरी चपलेशी उघड साम्य असलेली पादत्राणे सादर केली आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नाही. टीका झाल्यानंतर पेढीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी सहकार्याचा करार जाहीर झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. ते नाव न वापरता घाट उचलणाऱ्याला अडविण्याची शक्ती त्यात मर्यादित आहे. पॅरिसच्या नावाची नक्कल करणारा दंडास पात्र ठरतो. कोल्हापूरच्या घाटाची नक्कल करणाऱ्याला प्रथम केवळ लोकमताचा धाक वाटला.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, सुगंधी द्रव्ये व हातपिशव्या यांचे स्वस्त पर्याय हे उंची मालाच्या सावलीत वाढलेले उपरे पीक नाही. कृत्रिम संयुगे, लेप दिलेले कापड आणि नायलॉन ही पर्यायी द्रव्ये उंची पेढ्यांनीच वापरली आणि लहान बाटलीच्या रूपाने त्यांनी स्वतःचेच पर्याय विकले. दोन, वस्तूंमधील द्रव्यगत अंतर जसजसे कमी झाले, तसतसा किमतीचा भार नावावर गेला आणि कायदाही मुख्यतः नावाचाच राखणदार बनला. तीन, नावाची किंमत आणि श्रमाचा मोबदला यांचा परस्परसंबंध गृहीत धरता येत नाही. तो प्रत्येक वेळी तपासावा लागतो.

म्हणून परवडणारा पर्याय शोधणाऱ्या ग्राहकाकडे केवळ प्रतिष्ठेचा भुकेला म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. व्हायोलेटचा वास हवा असलेली कारकून स्त्री, स्वतःच्या पैशाने स्नानाचे तेल घेणारी गृहिणी, धारावीत टाके तपासून पिशवी निवडणारा गिऱ्हाईक, हे सर्व वस्तूचे गुण आणि वस्तूचे नाव यांना वेगळे करून पाहत होते. तो विवेक टिकला, तर पर्याय हा प्रामाणिक राहतो. आणि त्या पर्यायावर, किंमत कितीही कमी असो, तो घडविणाऱ्याचे नाव असले व त्या नावापोटी त्याला दाम मिळाला, तरच ही स्वस्ताई कोणाच्या तरी पोटावर पाय देऊन आलेली नाही, असे म्हणता येईल.